पगाराचा फेरा

किराण्याचं खोकं दाराबाहेर पायरीवर तसंच पडलं होतं, चिकटपट्टीसुद्धा कुणी फाडली नव्हती, आणि त्याच्या शेजारी बाबांच्या चपला नव्हत्या. आधी खोकं दिसलं. मोबाईलवरून मागवलेलं, कुठल्याशा दूरच्या गोदामाचा पत्ता छापलेलं. कॉलेजला निघालेल्या अनुपने बुटाच्या टोकानं ते बाजूला सारलं, आणि मग त्या रिकाम्या जागेकडे त्याचं लक्ष गेलं. आतून त्याची बायको गीतांजली सांगत होती की बाबांनी ते घरात येऊच दिलं नाही. "म्हणाले, हे आपलं नोहे. मी म्हटलं, अहो बाबा, पैसे भरले आपण. तर म्हणाले, पैसे भरले म्हनून आपलं होते काय? मी आंघोळीला गेले, तेवढ्यात..." तिचं वाक्य अर्धंच राहिलं. अनुपने फोन लावला. तो बाबांच्या उशीखाली वाजला. महिन्याची एक तारीख होती. पेन्शन जमा होण्याचा दिवस. पंधरा दिवसांपूर्वी बाबा, देवमन तायडे, राजापेठेच्या चौकात उभे राहून एका पानवाल्याला विचारत होते की माझं घर कोणत्या बाजूला आहे, आणि पानवाला बिचारा स्वतःच गोंधळला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की जुनं सगळं शाबूत राहील, नवं टिकणार नाही. कालच रात्री जेवताना नवरा-बायकोचं ठरलं होतं की सोमवारपासून एक माणूस ठेवायचा आणि दाराला बाहेरून कुलूप लावायचं. कुलूप हा शब्द दोघांनीही उच्चारला नव्हता. "सोय" म्हटलं होतं.

खाली वॉचमन म्हणाला, "आजोबा अकोल्याची गाडी विचारून रायले होते, सर. मले वाटलं तुमाले मालूम असन." रिक्षा करून अनुप बसस्टँडवर आला आणि सुटत असलेल्या अकोला गाडीत चढला. खिडकीशी बसल्यावर आठवलं की आज दुपारी कॉलेजात त्याचं व्याख्यान आहे. जिल्हाभरातून प्राध्यापक येणार होते. विषय, शासकीय खर्चातील बदल आणि राष्ट्रीय अर्थव्यवस्था. वीस वर्षं तो हा विषय शिकवत होता, त्यावर लिहीत होता, त्याच्या नावाभोवती अमरावतीत जे काही थोडंफार वलय होतं ते याच विषयाचं होतं. त्याने प्राचार्यांना फोन करून घरी अडचण आहे एवढंच सांगितलं. बाप पेन्शन खर्च करायला पळून गेलाय, हे काही सांगता येण्यासारखं नव्हतं. हसू आलं त्याला, आणि लगेच डोळ्यांत पाणी. बडनेऱ्याच्या पुलाखाली गाडी थांबली तेव्हा त्याने उगाचच बाहेरच्या गर्दीत पांढरी टोपी शोधली. बाबा टोपी घालत नाहीत, हे नंतर लक्षात आलं.

पगाराच्या दिवशी बाबा घरी सरळ कधी आलेच नाहीत. पाटबंधारे खात्यात शिपाई म्हणून लागले, कारकून म्हणून निवृत्त झाले, बाळापूरकडच्या त्यांच्या खेड्यातले ते पहिले सरकारी नोकर. आणि पगार झाला की अकोल्याच्या बाजारात त्यांचा फेरा सुरू व्हायचा. साखर मोतीरामच्या दुकानातून. तूरडाळ दुसरीकडे, तेल तिसरीकडे, साबण त्याच्याही पलीकडे, मग चहापत्ती नत्थुजीकडून, आणि मीठ तर अगदी गल्लीच्या टोकाला. छोटा अनुप त्यांच्या मागे मागे, पाय ओढत. त्याला कळायचं नाही की मोतीरामकडे डाळही असते, साबणही असतो, मीठही असतं, मग हे पाय तोडणं कशासाठी? आई, चतुराबाई, दर महिन्याला भांडायची. "एका जागी घेतलं तं दुकानदार तुमाले खाते काय? पोराचे पाय पाहा, सुजले." बाबा शांतपणे सांगायचे, "सरकारचा पैसा हाय, चतुरा. एकाच्या घरी कोंडून नाई ठेवायचा." आई कपाळावर हात मारायची. तिच्या मते तिच्या नवऱ्यात आणि जिल्हाधिकाऱ्यात फरक एवढाच होता की जिल्हाधिकाऱ्याला चहा आयता मिळतो.

आणि मग एम.ए.च्या वर्गात एका दुपारी अनुपला गुणक शिकवला गेला. सरकारने एक रुपया खर्च केला की तो तिथेच थांबत नाही. ज्याच्या हातात पडतो तो त्यातले काही आणे राखून बाकी खर्च करतो, ते दुसऱ्याची कमाई होते, दुसरा पुन्हा काही राखून बाकीचे तिसऱ्याला देतो, आणि एका रुपयाच्या जागी देशाच्या उत्पन्नात दोन-अडीच रुपयांची भर पडते. कपात केली तर हेच सगळं उलट्या पावलांनी चालतं. फळ्यावर बाणांची ती रांग बघताना अनुपच्या अंगावर काटा आला होता. बाकावरून उठून ओरडावं वाटलं होतं, हे माझ्या बापाला ठाऊक आहे! सुट्टीत घरी गेला तेव्हा त्याने बाबांकडे चोरून पाहिलं, एखाद्या मोठ्या माणसाकडे पाहावं तसं. ते कंदिलाची काच पुसत बसले होते. पुढे स्वतः शिकवायला लागल्यावर पहिल्याच तासाला तो बाबांचा फेरा सांगायचा. पोरं हसायची, पण गुणक त्यांना जन्मभर कळायचा. मग कधीतरी, पीएच.डी.च्या सुमारास, मनात पाल चुकचुकली. बाबांचा फेरा मुळात चूकच होता. रुपया एका दुकानात खर्च केला काय आणि सहा दुकानांत केला काय, गुणकाला त्याचं सोयरसुतक नसतं. दुकानदार त्यातला किती पुढे खर्च करतो, एवढंच महत्त्वाचं. फेऱ्याने देशाचं उत्पन्न दमडीनंही वाढलं नव्हतं, झिजल्या त्या फक्त चपला. त्या वर्षीपासून अनुपने तो किस्सा वर्गात सांगणं बंद केलं. बाबांना हे कळण्याचं कारण नव्हतं, पण आपण बापाला एका पायरीवरून गुपचूप खाली उतरवलं, हे त्याला स्वतःला पक्कं ठाऊक होतं.

कुरूम गाव मागे पडलं. हा रस्ता किती वर्षं उखडून पडला होता! त्या काळात बसमधून जाताना माणसं देवाचं नाव घ्यायची. मग एकदाचा पैसा सुटला, आणि अनुपने आपल्या डोळ्यांनी ते पाहिलं. जिथे कुत्रं फिरकत नव्हतं तिथे मजुरांचे तंबू पडले, तंबूंना भाजी हवी म्हणून शेजारच्या गावच्या बायका टोपल्या घेऊन बसल्या, पंक्चरवाला आला, पंक्चरवाल्याने मुलीच्या लग्नात आचारी लावला. हे तो कागदावर आकड्यांनी मांडायचा तेव्हा ते मेलेलं असायचं. इथे ते श्वास घेताना दिसायचं. आडात असलं की पोहऱ्यात कसं येतं ते इथे बघावं. असं काही पाहिलं की अनुपला आपल्या विषयाचा इतका अभिमान वाटायचा की छाती भरून यायची, आणि शेजारच्या सीटवरच्या अनोळखी माणसालाही सांगावंसं वाटायचं की पाहा, सरकार नावाच्या त्या सुस्त हत्तीने सोंड हलवली की केवढं पाणी उडतं! पण सांगणार कुणाला, आणि कोणत्या तोंडानं? सरकार त्यालाही पगार देतं. तो पगार अमरावतीत एक रात्रही मुक्काम करत नाही. कर्जाचे हप्ते मुंबईला जातात, लेकीच्या, पायलच्या, कॉलेजची फी पुण्याला, किराणा कुठल्या गोदामातून येतो ते देव जाणे. शास्त्रात त्याला गळती म्हणतात. शास्त्र शिकवणारा प्राध्यापक हीच एक मोठी गळती होती, आणि म्हातारा बाप सकाळी तिला बोळा लावायला निघाला होता. कुठे असेल? मूर्तिजापूरलाच उतरला असेल तर? बस बदलताना गोंधळून भलतीकडे गेला तर? ऊन चढत होतं. त्यांनी सकाळी गोळी घेतली होती का, हे विचारायला त्याने गीतांजलीला फोन केला. तिलाही आठवत नव्हतं. ती फोनवर रडायला लागली. "आजच कुलूप आणते मी," ती म्हणाली, आणि आता तो शब्द उच्चारला गेला होता.

आई एक गोष्ट सांगायची. अनुप तिच्या पोटात होता त्या सालची. राज्यभर सरकारी नोकरांनी संप केला होता. पगार बंद. घरात ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी, तीही मोजून. आणि तरी पगाराच्या दिवशी बाबा संध्याकाळी उठले, सदरा घातला आणि बाजारात गेले. हात हलवत. प्रत्येक दुकानासमोर थोडा थोडा वेळ उभे राहिले आणि परत आले. आईला वाटलं, उपासमारीनं डोक्यावर परिणाम झाला. बाजार ओस पडला होता, ती सांगायची. दुकानदार माश्या मारत बसलेले. त्या दिवाळीला मोतीरामच्या घराला चुना लागला नाही, चुनेवाल्याच्या घरी फराळ झाला नाही, फराळाचं तेल विकणारा म्हणे दोन महिने कोणाशी धड बोलला नाही. अनुपने ही गोष्ट प्रबंधात वापरायची ठरवली होती, खर्चातील घट आणि स्थानिक बाजार या प्रकरणात. मग मार्गदर्शकांनी ती काढायला लावली. आईचं सांगणं हा काही पुरावा होत नाही, असं ते म्हणाले. आणि ते बरोबरच होते. पण बाबा रिकाम्या हातांनी का गेले, हे मात्र त्याला पुराव्यासकट किंवा पुराव्याविना, कधीच उमगलं नव्हतं, आणि विचारायचंही राहून गेलं होतं.

अकोल्यात उतरल्यावर रिक्षाने तो थेट जुन्या बाजाराच्या तोंडाशी आला आणि अक्षरशः धावत मोतीरामच्या दुकानापाशी पोचला. गल्ल्यावर मोतीरामची नात जुईली बसली होती. तिने त्याला ओळखलं. "देवमन आजोबा? येऊन गेले ना काका. साखर नेली. मी म्हटलं बसा, चहा सांगते, तर म्हणे मले टाइम नाई, लय ठिकानी जायचं हाय." अनुपने तिच्याकडे पाणी मागितलं. जिवंत आहेत. इथे आहेत. पाणी पिऊन तो निघाला आणि मग त्याला कळलं की पुढचा रस्ता आपल्या पायांना पाठ आहे. साखरेनंतर डाळ. डाळीचं दुकान आता नव्हतंच, तिथे मोबाईलच्या सामानाचं दुकान होतं, काचेमागे रंगीबेरंगी कव्हरं टांगलेली. दुकानदार तोंडावर हात ठेवून हसत होता. "आले होते ना साहेब. मले म्हणे, काई तरी दे. मी म्हटलं, बाबा, मोबाईल कोनता तुमचा? तं म्हणे, माया नाई आनला. मंग कव्हर कायले पायजे? तं मले विचारते, तुया घरी चूल पेटते ना? मी म्हटलं, पेटते. तं म्हणे, मंग दे." गुलाबी कव्हर नेलं होतं म्हणे. अनुपला हसू फुटलं, ते आवरेना. बापाची स्मृती चाळणी झालेली, पण चाळणीत हे एवढं राहिलं होतं. तेलाच्या जागी औषधांचं दुकान होतं, तिथून कापूस नेला होता. साबणवाल्याकडेही येऊन गेले होते; तोवरच्या फेऱ्यात एकही दुकान चुकलं नव्हतं.

ते नत्थुजींच्या दुकानात बाकावर सापडले. नत्थुजी स्वतः ऐंशीला टेकलेले, मुलाने गल्ला घेतल्यापासून दिवसभर बाकावरच असायचे, आणि दोन म्हातारे एकमेकांकडे न बघता रस्त्याकडे बघत बसले होते. बाबांनी मान वर करून मुलाला पाहिलं. "तू कुठी इकडं? तुयी शिकवनी नाई काय आज?" अनुपचा बांध फुटला. वाटेत घोटून ठेवलेलं सगळं बाहेर पडलं, घर कसं डोक्यावर घेतलं गेलं, गीतांजली कशी रडतेय, गोळी, ऊन, राजापेठेचा चौक. आणि मग, स्वतःलाही न कळता, इतकी वर्षं दाबून ठेवलेलं ते वाक्य. "बाबा, या फेऱ्यानं काहीच होत नाही हो. एकाच दुकानातून घेतलं तरी हिशोब तोच राहते. मी शिकवतो हे. काहून करता तुमी असं?"

बाबा नत्थुजींकडे बोट करून म्हणाले, "याच्या बापानं माया पयल्या पगाराची चहापत्ती फळीवर ठेवली होती. हातात नाई देल्ली. पैसे बी फळीवर ठेव म्हने. मोतीरामच्या बापानं तसंच. डाळवाल्यानं तसंच. समद्या बाजारात तीच रीत, आमच्यासाठी." त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. कालची हकिकत सांगावी तसं ते सांगत होते. "मी म्हटलं, ठीक हाय. दर मह्यन्याले येतो. सरकारी पगार हाय, पावसानं बुडत नाई, मालकाच्या मर्जीनं चुकत नाई. पाहू तुमची फळी किती दिवस टिकते. एकाच्याच दुकानात गेलो असतो, तं एकच सुधरला असता."

रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली. नत्थुजी खाली बघत होते. ते म्हणाले, "लय वर्सं टिकली फळी. मी पायली हाय." बाबा म्हणाले, "संपापर्यंत. पगार बंद झाला, समदं ऑफिस घरी बसलं, बाजार मेला. तवा मी मुद्दाम आलो. म्हटलं, पाहू तं द्या यायले, पगार नसला की मी कसा दिसतो ते." ते पहिल्यांदाच हसले, समोरच्या दोन पडलेल्या दातांची फट दाखवून. "संप सुटला, पगार झाला, अन् पयल्याच दुकानात मोतीरामचा बाप फळीवरून खाली उतरला. साखर माया हातात देल्ली. दोन्ही हातानं. तुयी माय घरी वाट पाहून रायली होती, तू झाला होता, अन् मी तथीसा दुकानासमोर साखर घेऊन उभाच."

अनुपच्या सगळ्या तक्त्यांत, सगळ्या समीकरणांत सरकारचा रुपया उत्पन्न वाढवत गेला होता, रोजगार वाढवत गेला होता, आणि तो खोटं काहीच शिकवत नव्हता. पण हा माणूस तोच रुपया हातात घेऊन वर्षानुवर्षं एका गल्लीत फिरला होता, एक फळी खाली आणायला. कुणाशी भांडला नाही, कुणाला उपदेश केला नाही. घरी बायकोलाही सांगितलं नाही. पैसा कोंडून ठेवायचा नाही, एवढं म्हणाला, आणि पोराने त्याला आधी थोर अर्थतज्ज्ञ केलं आणि मग चुकीचा ठरवलं, दोन्ही वेळा न विचारता. अनुपला वाटलं की इथेच, या नत्थुजींच्या दुकानात, सगळ्यांदेखत बापाचे पाय धरावेत. तसं करणं बाबांना आवडलं नसतं. त्याने गीतांजलीला फोन लावला. बाबा सापडल्याचं सांगितलं, ती पुन्हा रडली, मग तो म्हणाला, "कुलूप आणू नको. एक तारखेला मी रजा घेत जाईन." ती म्हणाली, "दर महिन्याला?" तो म्हणाला, "हो." मग ती म्हणाली, "मग मलाही सांगत जा. मी पण येईन कधीतरी."

मीठ राहिलं होतं. गल्लीच्या टोकाचं ते दुकान आता नव्या माणसाचं होतं, चकचकीत, काचेच्या काउंटरचं. अनुपने मिठाची पुडी मागितली, सवयीनं मोबाईल काढला, ठिपक्यांच्या चौकोनासमोर धरला. काउंटरवरच्या डबीतून बाईचा आवाज आला की पैसे मिळाले. दुकानदार कानाशी फोन लावून कुणाशी तरी बोलत होता, त्याने न बघताच पुडी काचेवर सरकवली. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या मनात काहीही नव्हतं. पण बाबा हात पुढे करून उभे होते, आणि तो हात तसाच राहिला होता.

"भाऊ," अनुप म्हणाला, "हातात द्या त्यांच्या."

दुकानदाराने गोंधळून पुडीकडे पाहिलं. "ठेवली ना साहेब तिथं."

"दिसली मला. हातात द्या."

दुकानदाराने फोन खांद्याशी दाबून धरला, पुडी उचलली आणि बाबांच्या हातात दिली. "घ्या काका," तो म्हणाला. बाबांनी मान हलवली आणि ते बाहेर उन्हात आले. थोडं चालून गेल्यावर ते थांबले, गल्लीकडे मागे वळून पाहू लागले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तो चौकातला गोंधळ आला. "अनुप, आता कोनतं राह्यलं रे?"

सगळी झाली होती. अनुपने आजूबाजूला पाहिलं. रस्त्यापलीकडे एक झेरॉक्सचं दुकान होतं, त्याच्या शेजारी कुणीतरी नुकतंच मसाल्याचं दुकान थाटलं होतं, दारावरच्या झेंडूच्या माळा अजून सुकल्या नव्हत्या. तिथे तायडेंच्या घरातलं कुणी कधी गेलं नव्हतं.

"ते राहिलं, बाबा," तो म्हणाला, आणि त्यांचा हात धरून त्याने रस्ता ओलांडला.